डहाळी दिसली की उतरायचं

"घंटी कुठे आहे बे?"

नागपूरच्या धरमपेठेतल्या सायकलच्या दुकानात मी कामाला लागलो त्या दिवशी काकाजींच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य. ते मला नव्हतं. समोर एक डॉक्टर उभे होते आणि त्यांच्या हातात एका बोटावर उचलता येईल अशी सायकल होती. काकाजी त्या सायकलकडं चोरीच्या मालाकडं बघावं तसं बघत होते.

"उगाच वजन वाढतं हो काकाजी," डॉक्टर म्हणाले.

"मग पोट उतरवा. घंटी लावा."

डॉक्टर हसले. काकाजी हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून पितळी टोपीची एक घंटी काढली, माझ्याकडं फेकली आणि म्हणाले, "लाव. नाही लावू देत तर रविवारच्या फेरीला येऊ नका म्हणावं."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सकाळी उठतानाच रागावून उठतात आणि दिवसभर त्या रागाला काम शोधत हिंडतात. काकाजी वाऱ्यावर रागवायचे, डांबरावर रागवायचे, चहात साखर कमी पडली तर चहावाल्यावर आणि जास्त पडली तर त्याच्या बापावर. वय सत्तरीला टेकलेलं, अंगावर मांस नावाला. नोकरी सगळी हिवताप खात्यात गेली. देवलापारच्या पुढं मध्य प्रदेशची हद्द लागते, तिथल्या जंगलातली गावं त्यांनी काळ्या दांडीच्या सायकलवर पालथी घातली होती. तापाच्या माणसाचं बोट टोचायचं, काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, भिंतीवर तारीख लिहायची, पुढच्या गावाला निघायचं. कुठली पायवाट कुठं निघते, कुठल्या हापशाचं पाणी गोड, सगळं पायांना पाठ.

म्हणूनच आमच्या मालकानं त्यांना धरलं होतं. शहरातल्या सायकलवाल्यांना जंगलातून फिरवून आणायचं, हा मालकाचा दुकानाशिवायचा उद्योग. रस्ते काकाजी काढून द्यायचे. नकाशा नाही, काही नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहायचे: "मोठ्या बेहड्यापासून डावीकडे. बंद हापसा. पुढे कुत्रं आहे, भुंकते, चावत नाही. नाल्यात वाळू, उतरून चाला." खाली सही नाही, नाव नाही. त्यांना कागदावर नाव आवडायचं नाही, म्हणून मीही इथं लिहीत नाही.

मी जतकडचा. आमच्याकडं जंगल म्हणजे बांधावरची चार बाभळी. नववीत शाळा सोडली. पुढं ठेकेदारानं बुटीबोरीच्या सूतगिरणीत आणलं, ठेका संपला, ठेकेदार गेला आणि मी नागपुरातच राहिलो. परत जायला तोंड नव्हतं. पंक्चर काढता येतं एवढ्या भांडवलावर मालकानं मला ठेवून घेतलं. त्याचे उपकार मी आजही नाकारत नाही. पण तेव्हा मला रोज सकाळी वाटायचं, आज हा सांगणार, उद्यापासून येऊ नकोस. कुणी "जरा इकडं ये" म्हटलं तरी मी मनात परतीच्या तिकिटाचे पैसे मोजायला लागायचो.

काकाजींनी माझं नाव कधी विचारलंच नाही. "ए जत!" अशी हाक. पहिल्या पावसाळ्यात जरीपटका वस्तीतल्या खोलीवर मी तीन दिवस तापानं पडून होतो, दुकानात कळवलंसुद्धा नव्हतं. चौथ्या दिवशी दार वाजलं. काकाजी.

"मेला असता तर कोणाले समजलं असतं बे?"

"बरा हाय की ओ काकाजी. साधाच ताप हाय."

"साधा का काय ते तू नको सांगू. बोट दे."

नोकरी सुटून इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या पिशवीत सुई होती आणि काचेची पट्टी होती. बोट टोचलं, थेंब घेतला, तपासायला घेऊन गेले. संध्याकाळी गोळ्या आणि डब्यात मऊ भात आणला. मी खाईपर्यंत उंबऱ्यात बसून शिव्या देत होते. मला, माझ्या घरमालकाला, साचलेल्या पाण्याला, महापालिकेला. जाताना खडूनं भिंतीवर तारीख लिहून गेले. घरापासून इतक्या लांब माझ्यावर कुणी इतकं रागावतंय, याचंच मला रडू आलं. ती तारीख मी पुसली नाही.

आता त्या डहाळीचं सांगतो. सांगायचं तेच आहे.

मार्चअखेरीस त्या जंगलात मोह गळतो. बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन रानात जातात आणि ऊन चढेपर्यंत फुलं वेचतात. भरलेली टोपली डोक्यावर घेऊन झाडीतून थेट रस्त्यावर येतात. मान वर करता येत नाही. ट्रक आला तर आवाजावरून कळतं, सायकल मात्र अंगावर येईपर्यंत ऐकू येत नाही. म्हणून पहिल्याच वर्षी काकाजी हद्दीजवळच्या शेवटच्या गावात जाऊन बसले आणि बायांशी ठरवून आले. जिथं वेचणं चालू असेल तिथं रस्त्याच्या दोन्ही टोकांना जांभळाची हिरवी डहाळी आडवी टाकायची, वर दगड ठेवायचा. त्या दिवसांत सागाला पान नसतं, पळसाला नसतं, मोहालाही नसतं. हिरवं दिसतं ते जांभूळ, लांबून नजरेत येतं. ती दिसली की आमच्या माणसांनी उतरायचं, घंटी वाजवायची, हाक द्यायची आणि दुसरी डहाळी येईपर्यंत चालत जायचं. हाकही ठरलेली.

"माणूस येऊन राहिला गाऽ!"

आतून बाया म्हणायच्या, "या जीऽ!" मग पुढं जायचं. डॉक्टर, वकील, बँकवाले, सगळे घट्ट चड्ड्या घालून जंगलात उभे राहून ओरडायचे. आधी लाजायचे, मग आवडायला लागायचं. पुढं गावात सुगरताबाईच्या ओट्यावर लाखोळीच्या डाळीचे वडे आणि चहा. सुगरताबाई गावातल्या बायांची पुढारी होती. डहाळी टाकायचं काम तिचं.

कुणीतरी काकाजींना विचारलं होतं, "आता मोबाईलवर सगळा रस्ता दिसतो, मग ही झंझट कशाला?"

"मोबाईलले रस्ता माहीत आहे. आज रानात कोण आहे ते माहीत आहे का त्याले?"

हा सगळा नियम ते दर वेळी निघायच्या आधी समजावून सांगायचे. मी मात्र तो कधी ऐकलाच नव्हता. त्यांचं सांगणं चालू असायचं तेव्हा मी सगळ्यांच्या टायरांत हवा भरत असायचो. पंप मारताना दुसरं काही ऐकू येत नाही. आणि वाटेत मी नेहमी शेवटी, टेम्पोत. मी पोचेपर्यंत ऊन चढलेलं, बाया घरी गेलेल्या, डहाळ्या उचललेल्या. लोक ओरडतात ते मी ऐकून होतो. मला वाटायचं जनावरं पळावीत म्हणून ओरडतात.

गेल्या वर्षी मालकानं फेरीची शर्यत केली. वेळ लावली, छातीवर नंबर लावले. काकाजी भांडले. "जंगलात घाई कोणाले आहे? तुले का जंगलाले?" मालक गोड बोलला, नियम तोच राहील म्हणाला. काकाजींना नेहमीसारखं सगळ्यात मागं ठेवलं, त्यांच्या काळ्या सायकलवर. आणि मला मोटारसायकल देऊन पुढं पाठवलं. चुन्यानं बाण काढत जायचं. "रस्त्यावर काटाकुटा दिसला की उचलून फेक," मालक म्हणाला. "एकाचंही टायर फुटलं तर तुझ्याकडं बघतो."

हसत म्हणाला. पण मी घाबरलो.

घाटाचा उतार सुरू होतो तिथं रस्त्यावर फांदी आडवी होती, वर दगड. आमच्याकडं ट्रक बंद पडला की ड्रायव्हर मागं फांदी आणि दगड ठेवतात आणि निघताना तसंच सोडून जातात. त्या दगडांवर आमच्या गावची दोन माणसं गेली आहेत. मला तेच आठवलं. इकडंतिकडं पाहिलं, ट्रक नव्हता. मी मनात त्या ड्रायव्हरला शिवी दिली, फांदी झुडपात फेकली आणि दगड नालीत ढकलला. उताराच्या खाली पुन्हा तसंच. तेही साफ केलं. खरं सांगतो, चांगलं काम केलं असं वाटलं मला.

पाऊण तासानं त्याच उतारावरून पहिला गडी भरधाव आला आणि झाडीतून निघालेल्या फुलवंताबाईवर आदळला.

फुलवंताबाई म्हणजे सुगरताबाईची जाऊ. तिचा खांदा मोडला, मनगट मोडलं. फोन आल्यावर मी परत फिरून आलो तेव्हा मोहाची फुलं रस्ताभर सांडली होती आणि ती त्यातच बसून होती. ओरडत नव्हती. चांगल्या हातानं फुलं गोळा करत होती. तिला टेम्पोत घालून दवाखान्यात पाठवलं. बाकी सगळे गावात जमले.

काकाजी मागून पोचले. सायकल उभी न करता तशीच टाकून दिली. त्यांनी एकेका सायकलवाल्यासमोर उभं राहून विचारलं, "डहाळी होती का?"

"नव्हती काकाजी."

"दगड?"

"काहीच नव्हतं. रस्ता साफ होता."

ते खोटं बोलत नव्हते. रस्ता साफच होता. काकाजी वळले आणि सगळ्या गावासमोर, नंबर लावलेल्या पन्नास जणांसमोर सुगरताबाईवर तुटून पडले.

"काहून नाही टाकली वं? तुह्या भरवशावर मी लोकं आणतो. एक काम तुह्याकडे. एक!"

"टाकली जी," ती म्हणाली. "दोन्ही टोकाले टाकली. दगड ठेवून टाकली."

"मग गेली कुठे? वाघानं खाल्ली?"

काही जण हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं. सुगरताबाईनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. चुलीवर वड्यांचं तेल तापत होतं, ते तसंच राहिलं.

मला तिथं, त्या क्षणी कळलं. माझ्या हातांना जांभळाच्या पाल्याचा वास येत होता. मी हात पँटला पुसले. बोललो नाही. बोललो असतो तर एका मिनिटाचं काम होतं. मालक चार हातांवर उभा होता, आणि मला माझी खोली, आई, परतीची गाडी, सगळं एकदम दिसलं. मी गाडीचं चाक तपासायला खाली बसलो. काहीच बिघडलं नव्हतं त्या चाकाचं.

संध्याकाळी मालकानं मोबाईलवर सगळ्यांना कळवून टाकलं: गावकऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, पुढच्या वर्षीपासून ते गाव मार्गातून वगळण्यात येत आहे. ओळी शुद्ध होत्या. मी नववी शिकलेला माणूस, पण ते वाचून मला मोबाईल भिंतीवर आपटावासा वाटला. आणि मालकाचा आला तेवढाच राग माझा मला आला. त्याला तरी खरं माहीत नव्हतं.

पुढचे नऊ दिवस काकाजी रोज दुकानात यायचे. घंटीबद्दल कुणाला बोलत नव्हते. स्टुलावर बसून एकच घोकत होते.

"खोटं बोलली. चाळीस वर्षं त्या गावात जाऊन राहिलो मी. लेकराबाळांची बोटं टोचली. रडले, पळाले, पण खोटं कोणी बोललं नाही मह्यापाशी."

मी स्पोक ताणत राहायचो. आईचा फोन यायचा, "बरं चाललंय नव्हं?" मी म्हणायचो, "होय."

नवव्या दिवशी ते म्हणाले, "आता त्या गावात पाय नाही ठेवत मी." आणि उठले. उठताना त्यांनी आधाराला स्टुलाला हात लावला. आजवर कधी लावला नव्हता. एका रागीट माणसाचा राग संपताना दिसला मला, आणि ते बघवलं नाही.

"काकाजी," मी म्हणालो, "डहाळी मी उचलली."

मालक काउंटरवर होता. त्याची मान वर झाली.

काकाजी म्हणाले, "किती?"

"दोन. दोन्ही टोकाच्या."

"दगड?"

"दगडपण. मला वाटलं ट्रकवाल्यांनी..." वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"जाऊ द्या ना काकाजी," मालक म्हणाला. "त्याला काय माहीत. झालं ते झालं. आता बाहेर कुठं बोलू नका. उगाच नाव खराब होतं."

"कोणाचं?" काकाजींनी विचारलं.

मालक काउंटरवरची बिलं चाळायला लागला.

"कोणाचं नाव बे? तिचं नाव नऊ दिवसांपासून खराब होऊन राहिलं. रस्ता मी तुले दिला. त्या रस्त्यावरच्या बाया नाही दिल्या." मग माझ्याकडं वळले. "उद्या पाचले निघू. सायकल घे. घंटी पाहून घेजो."

मालक शांतपणे मला म्हणाला, "उद्या सुट्टीचा दिवस आहे. दुकानात गर्दी असते. गेलास तर परवापासून येऊ नकोस."

तेच वाक्य. दोन वर्षं रोज सकाळी ज्याची भीती वाटत होती, तेच. आणि गंमत बघा, ऐकलं तेव्हा तिकिटाचे पैसे आठवलेच नाहीत.

नागपूर सोडलं तेव्हा उजाडत होतं. सत्तर किलोमीटरवर देवलापार, तिथून पुढं जंगल. काकाजी पुढं, मी मागं. मनसरला चहाला थांबलो तेव्हा एवढंच म्हणाले, "नऊ दिवस काहून चूप राहिला?"

"भ्यालो."

"मले?"

"सगळ्यांनाच."

"मले भ्यायचं नाही बे," ते चिडून, इतक्या मोठ्यानं ओरडले, की चहावाल्याच्या हातचा कप हिंदकळला. "मी ओरडतो, तेवढंच करतो!"

गावात पोचलो तेव्हा बाया अंगणात फुलं वाळत घालत होत्या. फुलवंताबाई खाटेवर, हात गळ्यात. काकाजींनी कुणाला बसायला मागितलं नाही. अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि हाक मारली, "सुगरताबाई, बाहेर ये वं. सगळ्यांना बोलाव."

लोक जमले. काकाजी म्हणाले, "त्या दिवशी सगळ्यांसमोर मी हिले खोटी म्हणालो. आज सगळ्यांसमोर सांगतो. डहाळी हिनं टाकली होती. आमच्या ह्या माणसानं उचलली. खोटा मी."

सुगरताबाई त्यांच्याकडं बघतच राहिली. मला वाटलं आता ती म्हणेल, जाऊ द्या जी. तशी ती बोलायला गोड बाई.

"नऊ दिवस जी," ती म्हणाली. "नऊ दिवस ही माझी जाऊ खाटेवरून मले विचारून राहिली, का सुगरता, खरंच टाकली होती का वं. हिचा घास मी भरवून राहिले अन् ही मले विचारून राहिली. मले बी वाटाले लागलं, मी टाकली का नाही. तुम्ही चाळीस वर्षं मले पाहता. त्या चड्डीवाल्यांना विचारलं तुम्ही. मी सांगितलं ते नाही ऐकलं."

काकाजींनी मान हलवली. मग ती माझ्याकडं वळली.

"अन् तू. तुले डोळे नाहीत का गा? सुकलेल्या जंगलात हिरवी डहाळी आपोआप येऊन बसते का?"

तेच मी आजही स्वतःला विचारतो.

त्या दिवशी त्या गावात आम्हाला कुणी चहा दिला नाही. पाणी दिलं. परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "चहा नाही विचारला त्यांनी." काकाजी म्हणाले, "बरोबर केलं." आणि बऱ्याच वेळानं, पेडल मारता मारता, "मीही नसता विचारला."

त्यानंतर ते कुठल्याही फेरीबरोबर गेले नाहीत. मला जरीपटक्याच्या बाजारात एका म्हाताऱ्याच्या दुकानात त्यांनी लावून दिलं. त्यालाही आधी दोन शिव्या दिल्या, मग माझं काम सांगितलं. मोह संपेपर्यंत दर आठवड्याला ते एकटेच त्या गावाला जायचे. चौथ्या खेपेला चहा मिळाला, असं सांगत आले होते. इतकं मोठं काही जिंकल्यासारखा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

थंडीत त्यांना दम लागायला लागला. फेब्रुवारीत गेले.

त्यांचे सगळे रस्ते आता मोबाईलवर आहेत. कॅलेंडरच्या पाठीवरचं जसंच्या तसं उतरवलंय, "कुत्रं भुंकते, चावत नाही" हेसुद्धा. खाली मालकाचं नाव आहे. फक्त शेवटचं गाव नाही, आणि डहाळीची ओळ नाही. आपल्या नावाचं काकाजींना काही वाटलं नसतं. ती ओळ गाळल्याबद्दल मात्र त्यांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. आता ते ओरडणारं कुणी नाही, म्हणून मी हे लिहितोय. मला त्यांच्यासारखं ओरडता येत नाही.

या मार्चमध्ये मी एकटा गेलो. घाटाच्या उतारावर, तिथंच, जांभळाची डहाळी आडवी होती. वर दगड. मी उतरलो. त्यांनीच बसवून दिलेली पितळी घंटी वाजवली आणि हाक दिली.

"माणूस येऊन राहिला गाऽ!"

आतून लगेच आवाज आला. सुगरताबाईचाच. "या जी, काकाजी! आज लवकर आले!"

ती टोपली डोक्यावर घेऊन झाडीतून बाहेर आली, मान वर न करता आधी माझी चप्पल पाहिली, मग टोपली उतरवून मला.

"तू होय. अन् ते?"

"गेले," मी म्हणालो. "महिना होऊन गेला."

ती खाली बसली. एक फूल टोपलीतून बाहेर पडलं होतं, ते उचलून आत टाकलं. मग तिचे डोळे भरले आणि त्याच भरल्या डोळ्यांनी ती माझ्यावर इतकी चिडली, की मला क्षणभर वाटलं, समोर काकाजीच बसलेत.

"महिना होऊन गेला अन् आता सांगाले आला? तुले सगळं उशिरानंच सांगता येते का गा?"

ती उठली, टोपली डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. थोडं पुढं जाऊन मागं न बघता म्हणाली, "चाल. उतरूनच चाल. बाया आहेत अजून आत."

दुसरी डहाळी बरीच लांब होती. मी घंटी वाजवत तिच्या मागं चालत राहिलो.